सर्व्हरची वाट न बघणारा नंबर

मित्रांनो, आज दुपारपासून मी जळतोय. खरं सांगायला लाजायचं कशाला?

आमच्या साखर कारखान्याच्या काट्यावर आज राउटर बंद पडला. वजन घेणारा आणि पावती छापणारा, या दोन कॉम्प्युटरचं एकमेकांशी बोलणंच थांबलं. उसाच्या ट्रॅक्टरची रांग पार मोठ्या रस्त्यापर्यंत गेली. मी सवयीनं "सर्व्हर डाऊन"ची लॅमिनेट केलेली पाटी खिडकीत लावली आणि हेड ऑफिसच्या फोनची वाट बघत बसलो. अकरा वर्षं हेच करतोय.

दोन महिन्यांपूर्वी दौंडहून आमच्याकडं कामाला आलेल्या सुरेखाताईंनी माझ्या स्क्रीनवर बघितलं. कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा नंबर, म्हणजे त्याचा पत्ता, १६९.२५४ नं सुरू होत होता. हा नंबर मी शंभरदा बघितलाय. दिसला की पाटी लावायची, एवढंच मला ठाऊक.

"भाऊ, नंबर देणारा राउटरच बंद हाय म्हणून यानं स्वतःच नंबर घेतलाय," त्या म्हणाल्या. "आधी इचारतो, हा कुणाचा हाय का? कुणी बोललं न्हाई, की आपला. दुसऱ्यानंबी तसंच केलं असंल. द्या दोघांना वायरनं जोडून."

जोडलं. पावती निघाली. रांगेतले एक आप्पा म्हणाले, "म्याडम, तुम्ही हाय म्हणून बरं!" मला अकरा वर्षांत असं कुणी म्हणालं नाही.

ताईंचा हेवा वाटलाच. पण घरी आल्यावर कळलं, त्याहून जास्त हेवा त्या कॉम्प्युटरचा वाटतोय. उत्तर आलं नाही, तर तो मिनिटभर थांबतो आणि कामाला लागतो. मी अकरा वर्षं थांबलो, तेही पाटी लॅमिनेट करून.

खरं सांगा, तुमच्या खिडकीत कुठली पाटी आहे?