खुन्याचा आवाज

माझा धाकटा भाऊ चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. घरात पाल दिसली की खुर्चीवर चढतो आणि तिला हाकलायला मला बोलावतो. आमच्या गल्लीत मात्र त्याला सगळे ‘खुनी’ म्हणतात. भाजीवालासुद्धा. “खुनी, पिशवी राहिली तुमची,” असं तो भर रस्त्यात ओरडतो, आणि हा मान खाली घालून पिशवी घेऊन येतो.

सगळा त्याच्या आवाजाचा प्रताप. लहानपणी घसा बसला तो पुन्हा उठलाच नाही. टायरच्या दुकानावर दोन खोल्यांत डबिंगचा स्टुडिओ आहे. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, आणि खाली हवा भरायचं मशीन सुरू झालं की वर सगळ्यांनी तोंड मिटून बसायचं. तिथे परदेशी मालिकांना आपल्या भाषेत आवाज देतात. प्रेत सापडल्यावर जी बाई किंचाळते, ती मी. मोलकरीण असो की जमीनदारीण, किंकाळी एकच. भावाला तिथे मीच नेलं. मालकांनी त्याचं एक वाक्य ऐकलं आणि म्हणाले, “खुनी मिळाला.” तेव्हापासून दुकान सुटलं की हा संध्याकाळी खून करायला येतो.

मालकांच्या निवडीबद्दल काय बोलावं? जुन्या नावाजलेल्या गुप्तहेरकथांवरच्या चांगल्या मालिका त्यांना परवडत नाहीत, म्हणून कुणीच न पाहिलेल्या शोधून आणतात. कुणी का पाहिल्या नाहीत, ते पहिल्या भागातच कळतं. एकीत बंद खोलीतला खून अंतराळयानात नेला होता. दाराला आतून कडी कशी, यातच त्या कथेचा सगळा जीव. आणि यानाची दारं आपोआप लागतात. संपलं की कोडं. तरी बारा भाग ओढले. दुसरीत गुप्तहेर हळवा होता. मी किंचाळून मोकळी व्हायचे आणि हे महाशय प्रेतापाशी बसून हुंदके द्यायचे. तपास करायचा कुणी? पण माझ्या डोक्यात गेली ती गाण्यांची. शेवटी सगळे संशयित दिवाणखान्यात जमतात आणि गुप्तहेर पुरावे यमकात म्हणतो. खुन्याची कबुलीही गाण्यात. माझ्या भावाला ती गावी लागली. त्यानंतर भाजीवाला त्याला चाल लावून हाका मारत होता.

त्यात आमच्याकडे आवाज पाचच. त्यामुळे घोगरा आवाज आला की शेंबडं पोरही खुनी ओळखतं. लिहिणाऱ्याने डोकं खपवून शेवटपर्यंत लपवलेला माणूस आमच्याकडे ‘या, बसा’ म्हणाला तरी उघडा पडतो. मी मालकांना हे सांगितलं. ते म्हणाले, “लोकांना सवय झालीय हो. कशाला मोडायची?” मी कपाळाला हात लावला.

गल्लीतले थट्टा करतात ते मनावर घेणं आम्ही केव्हाच सोडून दिलं होतं. आईचं तसं नव्हतं. तिची नजर गेली आहे, टीव्ही ती ऐकते. कथा तिला धड कळत नाही. तिला कळतो तो मुलाचा आवाज, आणि दर वेळी त्याला बेड्या पडतात एवढंच. शेवटच्या भागानंतर ती जेवत नाही. हा घरी आला की विचारते, “तुला काय कमी होतं रे घरात?”

“आई, नाटक असतं ते.”

“कळतं मला. पण आवाज तुझाच ना?”

या वर्षी तिने अंथरूण धरलं. डॉक्टर आता खोलीबाहेर नेऊन बोलतात. भाऊ एकदा स्टुडिओच्या जिन्यात मला म्हणाला, “ताई, तिने एकदा तरी मला चांगला माणूस म्हणून ऐकायला हवं. नाहीतर ती मला फासावर देऊनच जाईल.” हसण्यासारखंच बोलला होता. मला हसू आलं नाही.

आणि मग मालकांच्या हातून चुकून एक चांगली मालिका आली. कुठल्याशा बर्फाळ देशातली, सहाच भागांची. गुप्तहेराचे गुडघे दुखतात. तो जिने खरोखर चढतो, वर पोचल्यावर आधी बसतो, मग दोनच प्रश्न विचारतो. भाषण नाही, रडणं नाही, गाणं तर नाहीच. इतक्या वर्षांत मला मनापासून आवडलेली ही एकच.

गुप्तहेराचा आवाज नेहमी आमच्याकडच्या एका गोड गळ्याच्या गृहस्थांचा. चहासुद्धा ते संवाद म्हटल्यासारखा मागतात. त्यांनी कागद चाळले आणि तोंड वाकडं केलं. “हा बोलतच नाही. खुन्याला केवढी मोठी कबुली आहे बघा. मी खुनी करतो.” उत्तम मालिका वाक्यं मोजून पारखणारा माणूस. पण त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात हात जोडले. गुप्तहेर माझ्या भावाकडे आला.

घरी येऊन त्याने आईला सांगितलं, “आई, या वेळी मी पकडणारा आहे.”

“असं सगळेच म्हणतात,” आई म्हणाली.

गल्लीने तर निकालच लावून टाकला. “गुप्तहेरच खुनी. काय डोकं लावलंय,” असं भाजीवाला पहिल्या भागानंतर मला कौतुकाने सांगत होता. पाचव्या भागापर्यंत कुणाचं मत बदललं नाही.

शेवटच्या भागाला भाऊ आईच्या पलंगावर टेकून बसला. टीव्हीतला गुप्तहेर जिना चढला, धापा टाकत बसला, म्हणाला, “चला. उशीर झाला.” मग गोड गळ्याची ती लांबलचक कबुली सुरू झाली, आणि बेड्यांचा आवाज आला. भाऊ तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

मग तिने चाचपडत त्याचा हात धरला. “या खेपेला सुटलास बाबा,” ती हळूच म्हणाली. “त्या गोड बोलणाऱ्यावर बरोब्बर ढकललंस.”

भावाने दुसऱ्या हाताने टीव्ही बंद केला. मग म्हणाला, “हो आई. सुटलो.”

“आता पुन्हा नको करूस.”

“नाही करणार.”

“मग वाढा,” आई म्हणाली, आणि पोटभर जेवली.