वनिताताईंच्या शिफ्टची नोंद

आधीच सांगते, असले भुताखेतांचे अनुभव मी आजवर हसायला म्हणून वाचत आले. मी प्रोग्रामर आहे. मशीन चुकलं तर चूक माणसाची असते, एवढंच मला ठाऊक. पण आज मीच असलं लिहितेय... आणि ते भीतीने नाही, संतापाने.

मी राहते पडघ्याला. वडप्याच्या एका मोठ्या गोदामात कामाला होते. आमच्याकडे ग्राफ डेटाबेस होता – म्हणजे माणूस, शिफ्ट, रॅक, ट्रक या सगळ्यांच्या नोंदी आणि कोण कशाशी जोडलंय त्याचे दुवे. काही बदलायचं तर आधी ट्रान्झॅक्शन उघडायचं, काम झालं की बंद करायचं. तेव्हाच बदल पक्का होतो. आधीचं एखादं उघडं असेल तर नवीन सुरू होऊ नये, म्हणून मीच एक तपासणी लिहिली होती. जेमतेम चार ओळींचा कोड.

एका मंगळवारी सकाळी साडेअकराला सात नंबरचा रॅक कोसळला. खाली वनिताताई होत्या. कोन गावच्या. स्कॅनरने खोक्यांची नोंद करायचं त्यांचं काम. रोज मला विचारायच्या, "जेवलीस का गं?" हॉस्पिटलला पोचायच्या आधीच गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं.

"त्या बाईची कालची शिफ्ट उडव. ती ड्युटीवर नव्हतीच. मैत्रिणीला भेटायला आत घुसली होती. समजलं?"

"सर, पण त्या साडेआठपासून—"

"तुला विचारलं नाही मी."

आणि मी तिथेच लॅपटॉप उघडून बसले. हो, बसले.

कोड अडला. 'ट्रान्झॅक्शन सुरू आहे.' कुणाचं? तपशील पाहिला, तर वनिताताईंच्या स्कॅनरचा नंबर. सुरू झाल्याची वेळ काल अकरा एकोणतीस. तो स्कॅनर माझ्यासमोर मॅनेजरच्या टेबलावर पडला होता. दोन तुकडे, बॅटरी बाहेर.

सर्व्हर बंद करून चालू केला. त्यानंतर जुनं ट्रान्झॅक्शन टिकूच शकत नाही, आपोआप रद्द होतं. पुन्हा तपासलं – तोच नंबर, तीच वेळ. मग ती तपासणीच कोडमधून काढून टाकली. या वेळी 'काम पूर्ण' असं आलं. नोंद उघडली... दुवा जागच्या जागी. वनिताताई, मंगळवार, पहिली शिफ्ट.

"नाटक करतेस? हट बाजूला!" मॅनेजर स्वतः बसला. तीनदा केलं. तीनदा तेच. त्याच्या कपाळावर घाम आला, एसी चालू असताना.

तेवढ्यात गेटवर आरडाओरडा ऐकू आला. मी खाली धावले. वनिताताईंची मुलगी सुजाता वॉचमनशी भांडत होती.

"माजी आय सकाली कामाव गेलती! आन् तुमी बोलता, कामाव नव्हती? दाखव ना कुठं लिवलंय!"

माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. वर गेले आणि मॅनेजरच्या डोळ्यांदेखत ती नोंद प्रिंट केली.

"नोकरी जाईल तुझी."

"घ्या. आत्ताच घ्या."

कागद सुजाताच्या हातात दिला आणि सांगितलं, थेट पोलीस स्टेशनला जा. ती रिक्षात बसली, तशी मी बॅग घ्यायला परत आले. जाता जाता सवयीने तपासणी एकदा चालवली. उत्तर आलं – एकही ट्रान्झॅक्शन सुरू नाही.

संध्याकाळी मॅनेजरने दुसऱ्याकडून ती नोंद पुसून घेतली. पहिल्याच फटक्यात पुसली गेली म्हणे. पण तोवर कागद पोलिसांकडे जमा झाला होता. केस उभी राहिली, चालू आहे.

तुटलेल्या स्कॅनरचं ट्रान्झॅक्शन कोणी उघडं ठेवलं, मला माहीत नाही. ओळखीच्या चार जाणकारांना विचारलं, कुणालाच सांगता येत नाही. मॅनेजरचा राग आहेच, तो जाणार नाही. पण त्याहून मोठा राग माझा मला येतो. पहिल्यांदा ती नोंद उडवायला मीच बसले होते... आणि मला अडवण्यासाठी, जीव गेल्यावरही वनिताताईंना थांबावं लागलं.