हवेने धरलेला हात

हवेचं वजन ज्याला खरोखर जाणवत होतं असा माणूस सबंध शहादा तालुक्यात एकच झाला, आणि तो माझा साडू होता. तुम्ही-आम्ही हवा नाकाने घेतो आणि विसरून जातो. साडूभाऊ तिला मान देत. लग्नाच्या पंगतीत भरल्या पेल्यावर लग्नपत्रिका ठेवून ते पेला उलटा करत आणि शेजाऱ्याच्या डोक्यावर नेऊन धरत. पाणी पडत नसे. खालून हवा टेकू देते, असं ते समजावत. एकदा नवरदेवाच्या मामांच्या फेट्यावर हा प्रयोग चालू असताना वाढप्याने जिलेबी हवी का विचारलं, साडूभाऊंनी मान वळवून हो म्हटलं आणि मामा भिजले. साडूभाऊंनी मामांची माफी मागितली नाही. पत्रिकेला इतका पातळ कागद वापरला म्हणून ते वधूपित्यालाच बोलले.

लोणखेड्यात त्यांचं विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान होतं. माझा मळा गावाला लागूनच. मी म्हशींसाठी दूध काढायचं यंत्र आणलं आणि त्या दिवसापासून साडूभाऊंचा मुक्काम माझ्या गोठ्यात पडला. हे यंत्र पंपाने हवा ओढून चालतं. मला त्यात दूध दिसायचं, त्यांना पंप. दोन्ही वेळचं दूध काढून झालं की ते पंपाची नळी प्लास्टिकच्या पिशवीत घालत आणि घरातलं काहीबाही चपटं करत. गोधडी पापडाएवढी झाली. माझ्या मेहुणीचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, लग्नातला शालू त्यांनी असा बंद केला की त्याच्या घड्या पुढे इस्त्रीलाही ऐकेनात. पाहुणा आला की त्याचा हात पिशवीत घालायला लावून, पिशवीचं तोंड सायकलच्या ट्यूबने मनगटाशी बांधून ते पंप चालू करत. प्लास्टिक चहूबाजूंनी हाताला बिलगत जाई. "देखा, धरनारा कोनी नही, तरी हात धरेल शे," असं ते म्हणत. पाहुणे हसत आणि हात काढून घेत. इतक्या लवकर काढून घेतात, याचं त्यांना वाईट वाटायचं.

त्यांना एकच मुलगी. सुरतेला नर्सिंग शिकताना तिने एका पहाडी मुलाशी लग्न केलं आणि त्याच्यासोबत वर हिमाचलात निघून गेली. त्यानंतर साडूभाऊ तिच्याशी बोलले नाहीत. तिचा फोन आला की ते जवळच एखादा स्क्रू उगाच पिळत बसत, आणि मेहुणी मुलीचं प्रत्येक वाक्य मोठ्याने परत म्हणत असे, जणू मुलगीच बहिरी आहे. एके दिवशी मेहुणी म्हणाली, बर्फात रस्ता बंद होतो म्हणे, मग आजाऱ्यांकडे पायाला पाट्या बांधून घसरत जावं लागतं, स्की म्हणतात त्याला, आणि हिच्या पाट्या सासऱ्याच्या आहेत, फार लांब, म्हणून सारखी पडते. साडूभाऊंचा स्क्रू थांबला.

"तिले इचार," ते म्हणाले, "तिन्हं वजन कितलं शे."

इतक्या वर्षांनी बापाने मुलीला विचारलेला हा पहिला प्रश्न. मेहुणीच्या हातून फोन पडता पडता राहिला.

मग माझ्या गोठ्यात तिच्या वजनाला बेतलेल्या पाट्यांचा कारखाना उभा राहिला. मोलगीच्या बाजारातून बांबू आला. त्याच्या पट्ट्या, सागाच्या पातळ पट्ट्या, तळाला निळ्या पिंपाचा तासलेला पत्रा आणि सगळ्यांच्या मध्ये दोन डब्यांतून कालवायचा गोंद. हे सगळं पुढून वर वळवलेल्या बाभळीच्या साच्यावर ठेवायचं, वरून शेततळ्याचं प्लास्टिक, कडा खिडकीच्या काचेला लावतात त्या लांबीने बुजवायच्या आणि आतली हवा माझ्या पंपाने ओढायची. मग बाहेरची हवाच पाटी दाबत राहते. सबंध गाव वर उभं केलं तरी असा सारखा दाब पडणार नाही, असं साडूभाऊ सांगत. हवा कुठून शिरते ते शोधायला ते प्लास्टिकच्या कडेकडेने उदबत्ती फिरवत. माझ्या बायकोने ते लांबून पाहिलं आणि चप्पल काढून हात जोडले.

साचा एकच, म्हणून एका दिवशी एक पाटी. स्कीला डावं-उजवं नसतं, असं जावयाने फोनवर सांगितलं होतं. पायाला असतं तर पाटीला का नसावं, असं म्हणून साडूभाऊंनी तापल्या सळईने दोन्हींवर डावी-उजवीची अक्षरं उमटवायचं ठरवलं. थंडीत गोंद हळू सुकतो, तेव्हा पंप सकाळपासून पार रात्रीपर्यंत थांबता कामा नये. डावीच्या दिवशी संध्याकाळी मी आणि बायकोने म्हशी हाताने दोहल्या. त्यांना हाताची सवय राहिली नव्हती आणि मलाही. लाथा खाल्ल्या, बोटं सुजली.

उजवीच्या दिवशी साडूभाऊंना विसरवाडीला एका नातलगाच्या दशक्रियेला जायचं होतं. जाताना त्यांनी पंपाच्या काट्यावर बोट ठेवलं. "साडूभाऊ, हाऊ काटा हालाले नको. म्हशी आज बी हातेच दोहा." मी हो म्हणालो. संध्याकाळी म्हशी हंबरू लागल्या, बोटं मिटेनात. मी नळी काढून यंत्राला लावली. प्लास्टिक उसासा टाकल्यासारखं फुगलं. दूध निघालं, मी नळी परत जोडली, काटा जागेवर आला, प्लास्टिक परत घट्ट बसलं. एवढ्याने काय होतंय, असं मनाशी म्हटलं. दिवस बुडता साडूभाऊ आले. तापाच्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा त्यांनी पाटीवर तळहात ठेवला आणि माझ्या बायकोला म्हणाले की शब्दाचा पक्का माणूस तुमच्याच घरी आहे. दुधाची कॅन घेऊन उभी असलेली बायको माझ्याकडे बघत राहिली.

पाट्या केळीच्या ट्रकवरून दिल्लीला गेल्या आणि तिथून जावयाने नेल्या. साडूभाऊंनी नंदुरबारहून स्वतःसाठी माकडटोपी आणली आणि हवा काढून पिशवीत बंद केली. "पाट्या चालन्या का मी जासू," एवढंच ते बोलले. पंधरवड्याने फोन आला. उतारावर उजवी पाटी थरांथरांत उकलली होती. मुलगी पडली, उजवं मनगट मोडलं. मेहुणीने हेही मोठ्याने परत म्हटलं.

"मन्हा गोंदच खोटा निंघना," साडूभाऊ म्हणाले. "पोरीना हात मी मोडा. तिले सांग, दुसरी बी फेकी दे."

पुन्हा त्यांनी काही बनवलं नाही. फोन वाजला की ते उठून बाहेर जात. टोपीची चपटी पिशवी त्यांच्या घरी तशीच खुंटीला राहिली. गावात आजही काही तुटलं, चप्पल असो की सोयरीक, तर कुणीतरी म्हणतं, बर्फाचा गोंद लावा. मी रोज त्यांच्या दुकानात जाऊन बसायचो आणि चहा प्यायचो. आधी लाजेने बोललो नाही, मग उशीर झाला म्हणून, आणि शेवटी न बोलण्याचीच सवय झाली. मागच्या चैत्रात ते गेले.

तेरावं झाल्यावर मुलगी मळ्यात आली. गोठ्यातला बाभळीचा साचा हाताने चाचपत म्हणाली, "मावसा, डावी पाटी अजून शे. पोरगा तिन्हावर बसीसन घसरस. बाबानी फेकी दे सांगं व्हतं, मन्हाकडतून फेकाई नही." मी विचारलं, कुठे उकलली का. तिने नकारार्थी मान हलवली. जोडात नखसुद्धा जात नाही म्हणाली.

तेव्हा मी तिला सांगितलं. नळी, म्हशी, काटा, सगळं. साच्याच्या वळणावर बोट फिरवत ती म्हणाली, "म्हनजे गोंद बराबर व्हता."

"बराबर व्हता."

"बाबाले माहीत व्हतं?"

"नही."

मला माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मीही माफी मागितली नाही. गोठ्याच्या खुंटीवर साडूभाऊंची पाहुण्यांचा हात घालायची पिशवी होती, धुळीने माखलेली. ती झटकून तिने उजवा हात आत घातला. मी ट्यूब बांधली आणि पंप चालू केला. प्लास्टिक हळूहळू तिच्या बोटांमध्ये, तळव्याला, मोडून जुळलेल्या मनगटाला बिलगत गेलं. तिने डोळे मिटले आणि हात काही काढला नाही. म्हशींची वेळ झाली, त्या हंबरू लागल्या. मी पंप चालूच ठेवला, बादली घेतली, आणि त्या संध्याकाळी म्हशी हाताने दोहल्या.