अर्धा रुसवा

आमच्या इवायांइतका भित्रा माणूस भिवंडी तालुक्यात जन्मला नाही, आणि भ्यायचं काम इतक्या थाटामाटात करणारा तर अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा दाखवा, मी मिशी उतरवून देतो. इवाय म्हणजे व्याही. माझी लेक त्यांच्या घरात दिली. ते अंजूर गावचे, आम्ही वळ गावचे. दुसरा माणूस भ्याला की कोपऱ्यात बसतो, बोलत नाही, जेवत नाही. आमचे इवाय भ्याले की मांडव घालायचे. परवापासून मला ते फार आठवतात, कारण परवा डॉक्टरांनी माझ्याही छातीचा फोटो उजेडाला धरून तोंड वाकडं केलं आणि ऑपरेशनची तारीख दिली. पण माझं राहू द्या. मी काही भीत नाही. मी इवायांचं सांगतो.

त्यांना दाढ काढायची होती तेव्हाची गोष्ट. एकटे जातील? छे! टेम्पो केला. भाऊ, पुतणे, शेजारी, वर निजामपुऱ्यातल्या त्यांच्या लूमच्या कारखान्यातले सुटीवर असलेले कारागीर. दवाखान्याच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नाही. डॉक्टरला वाटलं, कुठं मारामारी झाली आणि दोन्ही पार्ट्या इथंच आल्या. दाढ निघाली ती रुमालात बांधून घेतली, आणि येताना साऱ्यांना गरम भजी, यांचं तोंड सुजलेलं म्हणून हे फक्त बघणार. तेच विजेचं. वीज जाऊन परत आली की सगळे लूम एकदम धडाडतात, तो दणका त्यांना सोसत नसे. म्हणून वीज गेली रे गेली की शेठ रस्ता ओलांडून समोरच्या टपरीवर. वीज आली की तिथूनच हात वर करून ओरडायचे, "आली रे आली!" आणि जीव वाचला म्हणून साऱ्या कारागिरांना चहा. कारागीर मोठे बेरकी. एखाद्या दिवशी दुपार कलली तरी वीज गेली नाही की त्यांतला एक म्हातारा अन्सारी तोंड पाडून विचारायचा, "सेठ, आज लाइट जाएगी नहीं क्या?"

आता रुसव्याचं सांगायला हवं, कारण पुढं सगळं त्याच्यावर येणार आहे. आमच्यात लग्नाच्या पंगतीला मुलाच्या बापाने रुसायचं असतं. खरं नाही, मानाचं. तो पाटावर बसायचा नाही, एका बाजूला तोंड फिरवून बसायचा. मग मुलीच्या बापाने जायचं, त्याचा हात धरायचा, डोक्यावर नवी टोपी ठेवायची, हातात नारळ द्यायचा, 'आमचा काय चुकला असंल तर पोटात घाला' म्हणायचं आणि त्याला पंगतीला आणायचं. याला रुसवा काढणं म्हणतात. माझ्या लेकीच्या लग्नात इवाय रीतीप्रमाणे रुसले. मी गेलो नाही. का जाऊ? जेवणात मीठ कमी नव्हतं, मानपानात काही कमी नव्हतं. चुकलं काय म्हणून चुकलं म्हणू? बायको म्हणाली, भाऊ म्हणाले, धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाणाऱ्या म्हातारीनं सुद्धा गाणं थांबवून माझ्याकडं डोळे वटारले. मी मांडवाच्या मेढीला टेकून उभा. भात गार व्हायला लागला. शेवटी इवाय स्वतःच उठून पाटावर येऊन बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भूक लागली म्हनून आलो. रुसवा हाय तसा हाय!"

तेव्हापासून तो तसाच राहिला. दिवाळीला भेटले की फराळाच्या ताटावरून, "इवाय, रुसवा बाकी हाय." नातू झाला, बारशाला, "पोराचा नाव ठेवला, माझा रुसवा कवा काढताव?" मी म्हणायचो, "तुमी रुसलेलेच बरं दिसताव." दोघंही हसायचो. पण मी काढला नाही तो नाहीच.

मग एक दिवस शेत बघायला गेले आणि बांधावर छाती धरून बसले. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात सोबत मीच गेलो. डॉक्टर तरुण होता, समजावून सांगणारा. म्हणाला, हृदयाच्या नळ्या तुंबल्यात, बायपास करावी लागेल, पायातली शीर काढून छातीत जोडायची. इवायांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे पायाची शीर वर नेनार? मंग कालिज चालत सुटला तर?" डॉक्टर हसला. मीही हसलो. इवाय हसले नाहीत. परतीच्या वाटेवर टॅक्सीत त्यांनी माझ्या शर्टाच्या बाहीचा कोपरा मुठीत धरला होता, भिवंडीचा नाका येईपर्यंत. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बघितलं असतं तर सोडला असता त्यांनी.

मला वाटलं आता माणूस अंथरूण धरणार. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या अंगणात रिक्षा थांबली. इवाय पांढरंधोप धोतर, कडक टोपी, हातात पितळेचं ताट; ताटात हळद लावलेले तांदूळ आणि सुपाऱ्या. उंबऱ्यावर सुपारी ठेवून म्हणाले, "सोमवारी मुंबईला येवाचा हाय. घरची सगली. आवतन देतंय."

"कसला आवतन?"

"ऑपरेशनचा!"

मी म्हटलं, "इवाय, याड लागलाय का? लोकां काय म्हनतीन?"

इवाय म्हणाले, "मयताला लोकां न बोलावता येतान. लगनाला बोलावून येतान. ह्यो मधला काम. बोलावला न्हाय तर मानूस कनचा तोंड घेवून येल? आन मना तर मानसां पायजेत."

मग जो धडाका सुरू झाला तो विचारू नका. अंजूर, वळ, खाडीकाठची सगळी नात्याची गावं, निजामपुऱ्यातल्या गल्ल्या, सुताचे व्यापारी, सगळीकडं सुपारी. शेजारच्या कारखान्याचे खानशेठ सुपारी हातात घेऊन विचारात पडले, "अरे भाय, याच्यात आहेर काय आणायचा?" इवाय म्हणाले, "दुवा आना." अंगणात खरोखरीचा मांडव पडला. धवले गाणाऱ्या त्याच म्हातारीला बोलावणं गेलं. ती काठी टेकत आली आणि म्हणाली, "बाबा, मी लगनं लावली, हलदी लावल्या. ऑपरेशनचा धवला मना येत न्हाय."

"जुनाच म्हना आये," इवाय म्हणाले, "फकस्त नवरीचा नाव घेव नको. घरात बायको हाय."

इहीण, म्हणजे त्यांची बायको, माझी विहीण, चुलीपुढं डोळे पुसत होती. धुरानं म्हणाली. पण हे ऐकून तिलाही हसू फुटलं, आणि मग जे हसणं लागलं ते साऱ्या मांडवात पसरलं. आदल्या दिवशी जेवण. कोलंबीचं कालवण, बोंबील, तांदळाच्या भाकऱ्या. इवायांना तेल बंद, मीठ बंद, मच्छी बंद. ते पंगतीतून फिरत होते, एकेकाच्या ताटावर वाकून लांब श्वास घेत. "वासाला डॉक्टरनी न्हाय म्हंटला न्हाय," आणि पुढच्या ताटावर. पोरंटोरं नाचत होती. कुणाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं की उद्या या माणसाची छाती उघडायची आहे. माझ्या लेकीच्या होतं. ती मला पाणी द्यायच्या निमित्तानं आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, मामंजी रोज पहाटे उठून टोपी घालून बसतान. विचारला तर बोलतान, तयार असलेला बरा."

सोमवारी दोन ट्रक आणि एक टेम्पो मुंबईला निघाला. बाया भरजरी लुगड्यांत, केसांत वेण्या. इस्पितळाच्या फाटकावर पहारेकरी आडवा आला. "शादी का हॉल उधर पीछे है।" कसंबसं आत गेलो. आणि तिथं नर्सबाई चिठ्ठी घेऊन आली की पेशंटसाठी रक्ताच्या बाटल्या लागतील, नातेवाइकांनी सोय करावी. दुसऱ्या पेशंटांची माणसं रक्तासाठी ओळखीपाळखी शोधत फिरत होती. इथं अख्खं आवार उठून उभं राहिलं. आमचे गडी बाह्या सारतायत, कारागीर पुढं घुसतायत, खानशेठ म्हणतात पहिला मी, त्यावरून ढकलाढकली. म्हातारा अन्सारी नर्सला सांगत होता, "हमारा लेलो बहन, इस में सेठ की ही चाय है।" नर्स चक्रावली. "इतके डोनर आणले कुठून?"

इवाय खाटेवरून उठून बसले. "बाय, हे डोनर न्हाय. व्हराड हाय!"

आणि मग न्यायची वेळ झाली. हिरवा झगा घातला, धोतर गेलं, टोपी गेली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचं उघडं डोकं पाहिलं. कपाळाचा वरचा भाग लहान पोरासारखा पांढरा. ढकलगाडी आली. इवाय ऑपरेशनच्या दारापर्यंत चालत गेले आणि दाराजवळच्या बाकावर बसले. गाडीवर निजेनात. डॉक्टर आला, त्यांचा मुलगा आला, इहीण आली. हे भिंतीकडं तोंड फिरवून बसलेले. डॉक्टर घड्याळ बघायला लागला.

मुलगा म्हणाला, "दादा, काय झाला? दुखतंय का?"

"न्हाय. मी रुसलोय."

मग सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. लग्नात वळल्या होत्या तशाच. पण तेव्हा ते मानासाठी बसले होते. आता त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. या माणसानं आठवडाभर सारा तालुका नाचवला, आणि आता चार पावलांचं काम उरलं तर त्याला पाय उचलत नव्हता.

नवी टोपी कुठून आणू? मी माझीच डोक्यावरची काढली. चार लोकांत मी कधी उघड्या डोक्यानं उभा राहिलो नाही, मालकापुढं नाही, साहेबापुढं नाही. ती त्यांच्या डोक्यावर ठेवली, नीट बसवली. मांडीखालचा हात ओढून काढला. बर्फासारखा.

"चला इवाय. पंगत खोलंबली."

त्यांनी मान वर केली. डोळे भरलेले, पण तोंडावर तो बेरकीपणा. "म्हना, चुकला असंल तर पोटात घाला."

"ते मी म्हननार न्हाय."

"म्हंजे रुसवा अर्धाच निंगाला."

"अर्धाच. अर्धा परत आल्यावर काढतंय. आधी या तर खरं."

ते असे हसले की डॉक्टरसुद्धा हसला. आणि गाडीवर निजले. नर्सनं दारात टोपी उतरवून माझ्या हातात दिली. ती मी घातली नाही. दिवसभर मांडीवर धरून बसलो. माणसं किती वेळा चहा आणून गेली, माहीत नाही.

ऑपरेशन झकास झालं. शुद्धीवर आले तेव्हा तोंडात नळी, बोलता येईना. काचेतून मला बघितलं आणि एक बोट वर करून दुसऱ्या हाताच्या बोटानं ते मधोमध आडवं कापलं. नर्सला कळेना, पाणी हवंय की काय. मला कळलं. अर्धा बाकी.

पुढं चांगली काही वर्षं जगले, बांधावर फिरले, नातवाची शाळा बघितली, दर दिवाळीला बोटाची ती खूण केली. मी म्हणायचो, काढू, घाई काय आहे. अर्धा बाकी ठेवला तर माणूस त्यासाठी तरी येत राहतो, असं माझं गणित. गेल्या साली दुपारी जेवून ओटीवर कलंडले ते उठले नाहीत. एवढं मोठं काम, आणि कुणाला आवतन नाही, सुपारी नाही. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

आता लेक विचारते, "बाबा, तुमच्यासंगं मुंबईला कोना-कोनाला घेवाचा?" मी म्हटलं, कुणाला नको, मी काय भितो काय? पण काल वाण्याकडून सुपाऱ्या आणून ठेवल्यात. आणखी एक मनाशी ठरवलंय, ते तिला सांगितलेलं नाही. दारापर्यंत मी ताठ चालत जाणार, टोपी घालून. आणि तिथल्या बाकावर भिंतीकडं तोंड करून बसणार. अर्धा त्यांचा माझ्याकडं राहिलाय, तोच घेऊन बसणार. बघू या, कोण येतंय काढायला.