शिस्त समितीच्या बाबर मॅडम

कॉलेजात रुजू झाले त्या दिवशी बाबर मॅडम मला पहिल्यांदा दिसल्या, त्या जिन्यात बसलेल्या. डोक्यावर भिंतीला पाटी होती, 'जिन्यात बसू नये'. खाली पन्नाशी ओलांडलेल्या, सुती साडीतल्या बाई, मांडीवर पर्स, आणि दोन्ही बाजूंनी विद्यार्थी अंग चोरून चढत-उतरत होते. मला वाटलं कुणाची तरी आई आली असेल. म्हटलं, "मावशी, इथं बसायचं नसतं. पाटी आहे बघा." त्या जागच्या हलल्या नाहीत. "ती पाटी मीच लावलीया," त्या म्हणाल्या, "पोरं तरीबी बसत्यात. का बसत्यात, त्ये बघाय बसलीया. तू बी बस की."

मी बसले. पाच मिनिटांत उलगडा झाला. अख्ख्या इमारतीत वारा येत होता तो तेवढ्या एका जागी. वर्गातले निम्मे पंखे बंद होते. मॅडम प्राचार्यांकडं गेल्या ते पंख्यांची यादी घेऊन, मुलांची नव्हे.

त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि शिस्त समितीच्या अध्यक्षा होत्या. वर्गात बोलणं अगदी पुस्तकी, पण वर्गाबाहेर पाऊल पडलं की माहेरची, वडूजकडची बोली सुरू. कोणतीही तक्रार आली की त्यांचे तीन प्रश्न ठरलेले: "नियम कुणी केला? कवा केला? आन कशापायी केला?" आमच्या नियमावलीत 'आवारात जनावर आणू नये' असा एक नियम आहे. त्याचा उगमही त्यांनी शोधून काढला होता. परीक्षेच्या दिवशी बाजार आला, म्हणून एका विद्यार्थ्यानं आधी करडू विकत घेतलं, ते ध्वजस्तंभाला बांधलं आणि मग पेपर लिहायला बसला. करडानं ओरडून सगळा हॉल डोक्यावर घेतला. हे सांगताना मॅडम डोळे पुसेपर्यंत हसायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "प्रत्येक नियमाच्या बुडाशी कोणतरी माणूस असतंय बघ."

मी तेव्हा तासिका तत्त्वावर होते, म्हणजे जेवढे तास तेवढा पगार आणि दर वर्षी नव्यानं धाकधूक. समितीचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. त्याच वर्षी सारिकाचं प्रकरण आलं.

सारिका मुलींच्या वसतिगृहात राहायची. खटावच्या पूर्वेकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. पहाटे मागची भिंत चढताना ती कॅमेऱ्यात सापडली. शिक्षा एक महिना निलंबन, आणि तशी नोंद दप्तरी पडली की वर्तणुकीचा दाखला खराब. सारिका पोलीस भरतीला बसणार होती. खराब दाखला घेऊन तिथं कोण उभं करणार? समितीतल्या काहींनी लगेच 'बाहेर कोण मुलगा होता' असं विचारायला सुरुवात केली. ती खाली मान घालून एकच सांगत होती, "मी एकटीच व्हते, सर."

"उद्या सांगते," म्हणून मॅडमनी बैठक उठवली आणि त्या रात्री मला घेऊन वसतिगृहाच्या रेक्टरबाईंच्या खोलीत मुक्काम ठोकला. पहाटे साडेपाचला आम्ही मागच्या भिंतीशी गेलो. तिथं भिंतीला एक मोडका बाक लावलेला होता आणि बाकाशेजारी चपलांचे सहा जोड ओळीनं मांडून ठेवलेले. मॅडम वाकून चपला बघत राहिल्या. "बूट घालून गेल्यात पोरी," त्या म्हणाल्या, "आन एकटीच व्हते म्हणती!" मग पदर खोचून म्हणाल्या, "बाक धर."

मी बाक धरला. गुडघेदुखीच्या त्या बाई कशाबशा भिंतीवर चढल्या आणि तिथंच अडकल्या. पलीकडची जमीन जास्त खोल होती. मी खालून "मॅडम, उतरा हो" म्हणत होते आणि त्या वरून, "थांब गं, रस्ता दिसतूय हितनं." तेवढ्यात सारिकासकट सहाजणी धावत परतल्या. शिस्त समितीच्या अध्यक्षांना भिंतीवर बसलेलं बघून त्यांचं काय झालं असेल ते त्यांनाच ठाऊक. पण पळाली कुणीच नाही. चौघी आधी आत उतरल्या, दोघींनी पलीकडून आधार दिला आणि मॅडमना अलगद खाली घेतलं.

मग कळलं ते असं. वसतिगृहाचं दार सातला उघडायचं. सातला रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असायची, आणि साडेसातला पहिला तास. भरतीच्या सरावाला पळायला मोकळा रस्ता मिळायचा तो फक्त पाचला. मॅडमनी सवयीप्रमाणे पुढचा प्रश्न विचारलाच, सात ही वेळ कुणी ठरवली? जुन्या शिपायाकडून उत्तर मिळालं. पूर्वी दूधवाला सातला यायचा, दोनदा कुलूप काढायला नको, म्हणून सात. तो दूधवाला बंद होऊन किती वर्षं झाली, हेही कुणाला सांगता येईना.

पण खरा पेच पुढंच होता. पाहिलं ते लिहावं तर सहाजणी अडकणार, लपवावं तर सारिका एकटी. मॅडमनी कागद ओढला आणि मला विचारलं, "म्या भित चडली त्ये लिवती. बाक धरायला तू व्हतीस. तुजं नाव घालू का?"

पुढच्या महिन्यात माझी कायम होण्याची मुलाखत होती. मी म्हटलं, "नको मॅडम." त्या "बरं" म्हणाल्या आणि लिहायला लागल्या. आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं.

अहवालात त्यांनी लिहिलं, 'सदर भिंत मी स्वतः चढले. विद्यार्थिनी भरतीच्या सरावासाठी जातात. त्या सहा आहेत. नावे मला माहीत आहेत, ती मी देणार नाही. कारवाई करावयाची झाल्यास ती प्रथम माझ्यावर व्हावी.' प्राचार्य भडकले. मॅडमना कारणे दाखवा नोटीस आली, अध्यक्षपद गेलं. पण एवढ्या ज्येष्ठ प्राध्यापिकेला सोडून मुलीला शिक्षा कशी करणार? सारिकाची फाईल गुपचूप मिटली, दाखला स्वच्छ निघाला. दार पाचला उघडू लागलं, वहीत सही करून. मी कायम झाले.

गेल्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला सारिका सांगलीहून सुट्टी काढून आली होती, पोलिसात लागून तिला आता चार वर्षं झाली. चहाच्या रांगेत मी तिला न राहवून विचारलं, "त्या पहाटे तुम्ही मलाही पाहिलं होतं ना गं?" ती म्हणाली, "व्हय की. मॅडमनी तवाच सांगितलं, तिची नोकरी अजून कच्ची हाय, तिचं नाव कुणी काडायचं न्हाई. आमी सहाजणींनी शपथ घेतली, मॅडम."

इतकी वर्षं मला वाटत होतं, मी नशिबानं वाचले. अठरा-एकोणीस वर्षांच्या सहा पोरी माझ्यासाठी गप्प राहिल्या होत्या, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मला लाज वाटली. बोलायची पाळी आली तेव्हा लिहून आणलेलं भाषण हातातच राहिलं. पहिल्या रांगेत तेच प्राचार्य बसले होते. कायम झाल्यावर खरं बोलायला फार काही लागत नाही, हे मला कळत होतं. कशीबशी म्हणाले, "त्या दिवशी भिंतीशी बाक मी धरला होता."

मॅडमनी हारांच्या ढिगाआडून मान वर केली.

"मागल्यांना ऐकू गेलं न्हाई," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं सांग."

मी मोठ्यानं सांगितलं.