यात तूप कुठं आहे?

आजाऱ्याला भेटायला आमच्याकडे कोणी रिकाम्या हातानं येत नाही. मावशीच्या यकृतावर चरबी साठल्याचं सोनोग्राफीत दिसलं आणि आठवडाभरात तिच्या टेबलावर फळांच्या गोड रसाची सहा खोकी जमली. प्रत्येकावर ठळक छापलेलं: चरबी शून्य.

मावशीनं तूप त्याच दिवशी सोडलं होतं. कोरडी पोळी चावता चावता ती ग्लासात रस ओतत होती.

"मावशी, हे नको पिऊस."

"अगं, यात तूप कुठं आहे? कंपन्यांविरुद्ध पत्रकं काढतेसच, आता काय फळांविरुद्धही काढणार का तू?"

मला हसू आलं नाही. तूप-तेलाचा अतिरेक वाईटच. पण ग्लुकोज ही साखर सगळ्या शरीराला वापरता येते, फळांतल्या फ्रुक्टोज या साखरेचा बहुतेक भार मात्र यकृतावरच पडतो. अख्खं फळ चावून खाताना ती थोडी थोडी जाते. ग्लासामागून ग्लास रिचवले की यकृत तिचीच चरबी करून ठेवतं. हे खोक्यावर कोणी छापत नाही. खरं तेवढंच सांगून माणसाला फसवता येतं, आणि त्याला गुन्हाही म्हणत नाहीत, याची मला चीड येते.

तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या, हातात आणखी एक खोकं घेऊन. "तुमच्यासाठी मुद्दाम बिनचरबीचं शोधून आणलं हो."

मावशीनं त्यांच्यासमोरच ग्लास तोंडाला लावला. कंपनीविरुद्ध बोलायला माझ्याकडे हवे तेवढे शब्द होते. काकूंच्या मायेपुढे एकही फुटेना. मावशी पीत राहिली आणि मी बघत राहिले.