देवीचा डावा पाय

नवऱ्याच्या इथल्या जपानी ऑफिसातल्या तानाबे-सानांनी आम्हाला चक्क पूजेचं आमंत्रण दिलं. नागानोच्या डोंगरातल्या त्यांच्या गावी काही हौशी मंडळी हजारो वर्षांपूर्वीच्या मातृदेवीची पूजा पुन्हा सुरू करतायत. नवऱ्याला ऐनवेळी काम आलं, म्हणून मी आणि आठ वर्षांची ईरा, दोघीच निघालो.

आमच्या घराजवळच्या फुनाबोरी स्टेशनाहून शिंजुकू, तिथून एक्स्प्रेसनं चिनो. डावीकडची खिडकी घ्या, कोफूच्या आसपास फुजी दिसतो. तिकीट महाग आहे, पण पुढे खर्च नाही. जेवण मंडळाचं: ओकच्या बियांचे उकडलेले गोळे, तेही अळणी, कारण त्या काळी या डोंगरात मीठ होतं याचा पुरावा मिळालेला नाही. लोणचं न्या, पण लपवून.

मंडळात सगळं पुराव्यानं चालतं. प्रदक्षिणा आधी उजवीकडून होती, मग डावीकडून झाली. सध्या तज्ज्ञांचं उत्तर येईपर्यंत सगळे जागच्या जागी पावलं टाकतात. आम्हीही तासभर टाकली.

मध्यभागी वीतभर मातीची देवी होती, तानाबे-सानांच्या आईनं घडवलेली. भट्टी पेटवायला परवानगी नाही, म्हणून नुसती उन्हात वाळवलेली. बारा वर्षं या आजी तिची प्रत्येक भेग बुजवत आल्या होत्या. आणि आता मंडळाच्या सेक्रेटरींनी कागद वाचला: नव्या संशोधनानुसार अशा मूर्ती मुद्दाम फोडत. तेव्हा आज फोडायची, घडवणारीच्याच हातून.

आजींनी दगड उचलला आणि खाली ठेवला. "आई, त्या म्हणतायत, मला नाही जमणार," ईरा कुजबुजली. जपानी मला येत नाही, तिला शाळेमुळे येतं.

मला भरून आलं, आणि अशा वेळी माझं तोंड गप्प बसत नाही. "सांग त्यांना, आपण दरवर्षी गणपती आणतो आणि पाण्यात सोडतो."

"त्या विचारतायत, रडता का?"

"रडतो. आणि पुढच्या वर्षी लवकर या म्हणतो."

"याला पुरावा?" सेक्रेटरींनी विचारलं.

"माझं पुण्यातलं अख्खं सासर," मी म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

मग वीस जपानी माणसं "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणाली आणि आजींनी देवी फोडली. हुंदके देऊन रडल्या बिचाऱ्या. नंतर तुकडे कुठल्या कचऱ्यात टाकायचे यावर मीटिंग बसली. एकमत होईना, म्हणून ते सगळ्यांना वाटले. आम्हाला डावा पाय आला.

घरी आल्यावर मी पुणेकरणीला शोभेल तेच केलं. बाल्कनीत बादली, आरती, विसर्जन. दुसऱ्या दिवशी गाळ तुळशीच्या कुंडीत ओतला.

आठवड्यानं तानाबे-सानांचा फोन. आणखी नवं संशोधन आलं होतं: मूर्ती कुणी फोडल्या नव्हत्या, जमिनीच्या दाबानं फुटल्या होत्या. देवी पुन्हा जोडायचीय, सगळे तुकडे आलेत, तेवढा डावा पाय राहिलाय.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आजींनाच फोन लावून ईराकरवी खरं ते सांगितलं.

"आई, त्या हसतायत! म्हणतायत, कुंडीतली मूठभर माती पाठवा, पाय मी नवीन करते."

ट्रिपमधून घरी काय उरलं म्हणाल, तर पुजलेला पायही नाही उरला. पण आजींचं ते हसणं अजून कानात आहे. कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात, कुरिअरच्या फॉर्मवर, आत काय आहे त्या रकान्यात, मी 'माती' लिहिणार होते. ईरानं पेन काढून घेतलं आणि जपानीत लिहिलं: 'डावा पाय. लवकर येतोय.'